पारसिक ते अकलोली: दगडाच्या ताकदीची मोजदाद

आधीच सांगितलेलं बरं: ठाण्यात किंवा नवी मुंबईत अणुकचरा पुरायचा कसलाही बेत नाही. तेव्हा अर्धवट वाचून सोसायटीच्या ग्रुपवर फॉरवर्ड करायची घाई नको. अणुइंधनावर पुनर्प्रक्रिया झाल्यावर जो अतितीव्र किरणोत्सारी द्रव उरतो, तो आपल्याकडे काचेत गोठवतात. ती काच स्टीलच्या डब्यांत भरून तारापूरच्या साठवणगृहात काही दशकं निवू देतात. पुढे ती जमिनीखाली काहीशे मीटरवर कायमची ठेवायची, असं धोरण आहे. फिनलंडने त्यासाठी ओल्किलुओटोच्या खडकात सवाचारशे मीटरच्या आसपास बोगदे खोदले, स्वीडनने २००९ मध्ये फोर्समार्कची जागा निवडली. अशी जागा निवडताना खडकाचं बळ ज्या हत्यारांनी आणि ज्या रीतीने तपासतात, ती सगळी पारसिकच्या डोंगरावर चालवून बघता येतात. बेसाल्ट हा त्या कामात फसवा दगड आहे, म्हणून सराव त्याच्यावरच करावा.

दिवस ऑक्टोबरचे. पाऊस थांबलेला असतो पण खडकातला पाझर अजून चालू असतो, त्यामुळे कुठली भेग पाणी वाहते ते डोळ्यांनी दिसतं. मे महिन्यात तीच भिंत कोरडी ठक्क असते आणि माणूस फसतो.

सामान: एल प्रकारचा श्मिट हातोडा (स्प्रिंगचा ठोका दगडावरून किती उसळतो त्यावरून त्याचं बळ सांगणारा), घासायला कार्बोरंडमचा दगड, कंपास-क्लिनोमीटर, ३० मीटरची टेप, भेगेचा खडबडीतपणा उतरवून घ्यायचा काट्यांचा कंगवा, १० पटींचं भिंग, पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाची ड्रॉपर बाटली, खडू, क्लिंग फिल्म, मेण आणि हेल्मेट. जीपीएस मोबाइलमधला चालतो. कंपास मात्र मोबाइलमधला चालत नाही, बेसाल्टमधल्या मॅग्नेटाइटमुळे तो भरकटतो. साधा कंपाससुद्धा भिंतीला टेकवून न वाचता हातभर लांब धरूनच वाचावा.

सोमवार: मुंब्र्याची भिंत

ठाण्याहून धीमी लोकल, मुंब्र्याला उतरून रिक्षा. पारसिकचा रेल्वे बोगदा १९१६ पासून गाड्या नेतो आहे आणि त्याकडे बोट दाखवून ‘खडक दणकट आहे’ असं इथे कोणीही सांगतं. ते खरंही आहे. पण बोगद्याच्या डोक्यावर डोंगर किती? बेसाल्टचं वजन धरलं तर दर १०० मीटर खोलीला उभा दाब साधारण २.८ मेगापास्कलने वाढतो. एक मेगापास्कल म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे १० किलो. उथळ बोगद्यात खडक आपल्या ताकदीच्या पासंगालाही पुरणार नाही एवढा भार उचलतो. तिथे तो टिकला यावरून ५०० मीटर खाली तो कसा वागेल ते कळत नाही.

बायपासवर कंटेनरची रांग थांबत नाही, म्हणून काम तिथून आत असलेल्या जुन्या कापलेल्या भिंतीवर केलं. कमरेच्या उंचीवर टेप आडवी ताणायची आणि तिला छेदणारी प्रत्येक भेग लिहायची: कितव्या सेंटिमीटरवर आहे, कोणत्या दिशेला किती अंशांनी कलते, किती लांब दिसते, तोंड किती उघडं, आत काय भरलंय, कडा गुळगुळीत की खरबरीत, ओल आहे की नाही. भारतीय मानक ११३१५ मध्ये हा प्रत्येक रकाना कसा भरायचा ते ठरवून दिलंय. नवखा माणूस ठळक भेगा लिहितो आणि केसासारख्या सोडून देतो. उलटं करावं. ठळक भेगा फोटोतही दिसतात, बारीक भेगांसाठीच तर भिंतीला नाक लावून उभं राहायचं.

पांढरं काही भरलेलं दिसलं की आम्लाचा थेंब. फसफसलं तर कॅल्साइट, नाही तर झिओलाइट किंवा क्वार्ट्झ. हा भेद पुढे महत्त्वाचा ठरतो, कारण झिओलाइट तापवल्यावर आतलं पाणी सोडतात आणि आकसतात. किरणोत्सारी काचेचा डबा शेजारी आला की खडक तापणारच. दुसऱ्या बाजूने बघितलं तर हेच झिओलाइट पाण्यातलं सीझियम आणि स्ट्रॉन्शियम धरून ठेवतात. एकच खनिज एका रकान्यात उणे आणि दुसऱ्यात अधिक.

इथल्या घट्ट बेसाल्टमध्ये उभ्या भेगा जास्त. लाव्हा निवताना आकसला आणि खांब-खांब पडले. आता याच जागी उभं बोअर मारलं तर ५४ मिलिमीटरचा गाभा, म्हणजे ड्रिलने कापून काढलेली दगडाची दंडगोल कांडी, एकाच खांबाच्या पोटातून मीटरच्या मीटर अखंड निघेल आणि अहवालात ‘उत्कृष्ट खडक’ असं लिहून येईल. म्हणून बेसाल्टमध्ये किमान काही बोअर तिरपी हवीत, ६० अंशांच्या आसपास. कंत्राटदार कुरकुर करतो, कारण तिरप्या भोकात रॉड घासतात आणि वेळ जातो.

मग श्मिट हातोडा. आधी तो त्याच्या पोलादी ऐरणीवर तपासायचा. स्प्रिंग ढिली झाली असेल तर सगळा दिवस फुकट. मग भिंतीची तळहाताएवढी जागा कार्बोरंडमने घासायची. बेसाल्ट कांद्याच्या पाकळ्यांसारखा बाहेरून सुटत जातो आणि त्या पाकळीवर हातोडा मारला तर आकडा पाकळीचा येतो, दगडाचा नाही. हातोडा पृष्ठभागाला काटकोनात, हळू दाबत न्यायचा. दोन ठोक्यांत निदान दट्ट्याच्या व्यासाएवढं अंतर हवं, कारण त्याच जागी पुन्हा मारलं तर आधीच चेचलेली जागा वेगळाच आकडा देते. २० वाचनं घ्यायची. सलग १० वाचनांत फरक चार एककांच्या आत राहिला तर आधीच थांबता येतं. ताज्या घट्ट बेसाल्टवर ५० च्या वर आकडे येतात, कुजलेल्यावर ३० च्या आसपास किंवा खाली.

आकड्याइतकाच आवाज ऐकावा. अखंड दगडावर ठोका टणकन वाजतो. मागे भेग असेल, म्हणजे धोंडा भिंतीपासून सुटलेला असेल, तर भद्द आवाज येतो आणि आकडा दहा-पंधराने पडतो. असं वाचन ‘कमकुवत दगड’ म्हणून लिहायचं नाही, ‘सुटा धोंडा’ असा शेरा मारून बाजूला ठेवायचं. भेगेच्या कुजलेल्या कडेवरची वाचनं मात्र वेगळी घ्यावीत. दोन धोंडे एकमेकांवर घसरतील की नाही ते आतल्या ताज्या दगडापेक्षा ह्या कडेच्या बळावर ठरतं.

मंगळवार: तुर्भ्याची खाण

ट्रान्स-हार्बरने तुर्भे. खाणीत जायला मालकाचं पत्र आणि सुरुंगाच्या वेळा आधी विचारून घेणं, या दोन गोष्टींशिवाय पाऊल टाकू नये. खाणीची उभी भिंत म्हणजे आयता उभा छेद. खाली काळा घट्ट बेसाल्ट, वर करड्या-हिरवट रंगाचा, पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेला कुहरी बेसाल्ट, म्हणजे ज्यातले वायूचे बुडबुडे पुढे खनिजांनी भरले तो. दोघांच्या मध्ये हात-दीड हात जाडीचा तांबडा थर. एक लाव्हा येऊन गेल्यावर दुसरा येईपर्यंत मधल्या काळात राख आणि कुजलेला पृष्ठभाग साचला, त्याचा हा पट्टा. भूगर्भवाले याला रेड बोल म्हणतात.

“साहेब, वरचा घेऊ नका, त्याची खडी कोणी घेत नाही,” खाणीवरच्या मुकादमाने सांगून टाकलं. खडीच्या हिशेबाने तो बरोबर आहे. घट्ट बेसाल्ट ढोबळमानाने १०० ते २०० मेगापास्कलला फुटतो, कुहरी बहुतेक वेळा ४० ते ८० च्या पट्ट्यात. पण मुकादमाच्या डोक्यावरच्या भिंतीकडे नीट बघितलं तर निम्म्या ताकदीच्या त्या कुहरी दगडात चार-पाच मीटर उंचीत एखादीच भेग आहे, आणि ताकदवान काळ्या दगडात तीन दिशांच्या भेगांची जाळी. सह्याद्रीत धरणं आणि बोगदे बांधणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक आहे: घट्ट बेसाल्ट भेगाळ आणि त्यातून पाणी जातं, ताजा कुहरी बेसाल्ट मऊ पण जवळजवळ बिनभेगी. अणुकचऱ्याच्या डब्याला शत्रू कोण, तर पाणी. त्यामुळे खडीवाल्याने नाकारलेला दगड इथे पुन्हा विचारात घ्यावा लागतो. त्यातही उघडा पडल्यावर लवकर कुजणारे प्रकार आहेत. ते वेगळे काढण्यासाठी नमुना पाण्यात भिजवून उन्हात वाळवायचा, असं पुन्हा पुन्हा करून त्याला तडे जातात का ते बघायचं.

तांबड्या थराचा तुकडा बादलीत टाकला. आधी बुडबुडे सुटले, मग कडा विरघळल्यासारख्या झाल्या आणि थोड्याच वेळात तळाशी गाळ बसला. याची रीतसर चाचणी ड्रममध्ये होते: ४० ते ६० ग्रॅमचे १० तुकडे १०५ अंशांवर वाळवायचे, दोन मिलिमीटर जाळीच्या ड्रममध्ये घालायचे, ड्रम पाण्यात मिनिटाला २० फेऱ्यांनी १० मिनिटं फिरवायचा, पुन्हा वाळवायचं, पुन्हा फिरवायचं, आणि मूळ वजनातलं किती टक्के उरलं ते लिहायचं. बादलीत विरघळलेल्या दगडाला ड्रमपर्यंत नेण्याची गरज नसते, पण अहवालाला आकडा लागतो. असा नमुना खाणीतून काढताक्षणी क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळून, वर कापड आणि मेण. उघडा नेला तर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत तो वाळून तडकतो आणि आकडा प्रवासाचा येतो.

तांबड्या थराच्या वरच्या काठावर ओलीची आडवी रेघ होती. वरून आलेलं पाणी या थराला अडतं आणि त्याच्यावरून आडवं चालतं. मुंबई-साष्टीच्या बाजूला हे थर पश्चिमेकडे कललेले आहेत, कारण पनवेलच्या पट्ट्यात लाव्हाचे थर वाकलेले आहेत. म्हणजे पाण्याला उतारही मिळाला. भिंतीत एका जागी डाइकही दिसतो, म्हणजे भेगेत घुसून गोठलेल्या लाव्ह्याची भिंत, थरांना छेदत वर चढलेली. डाइकच्या कडा कधी पाण्याला अडवतात, कधी तेच पाण्याचे रस्ते असतात. नकाशावर तो कसा आहे ते कळत नाही, पाणी सोडूनच बघावं लागतं.

सुरुंगाची भोकं भिंतीवर अर्ध्या नळीसारखी दिसतात. दिसणाऱ्या अर्धनळ्यांच्या लांबीला एकूण पाडलेल्या भोकांच्या लांबीने भागलं की स्फोट किती सांभाळून केला ते कळतं. खडी काढायला हे प्रमाण शून्य असलं तरी चालतं. अणुकचऱ्याच्या बोगद्यात ते जितकं जास्त तितकं चांगलं, कारण स्फोटाने भिंतीमागे जो फुटलेला पट्टा तयार होतो तो बोगद्याच्या लांबीभर पाण्याची वाट बनू शकतो. म्हणूनच डबे ज्या उभ्या भोकांत बसवायचे ती भोकं स्वीडन-फिनलंडच्या रचनेत सुरुंगाने नाही, यंत्राने कोरतात: व्यास १.७५ मीटर, खोली ८ मीटरच्या आसपास.

बेसाल्टमध्ये कचरा ठेवायचा विचार प्रत्यक्षात झालेला आहे, अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्डला. कोलंबिया नदीच्या बेसाल्टमधला सुमारे एक किलोमीटर खोलीवरचा कोहॅसेट नावाचा लाव्हा थर त्यांनी निवडला होता. दगड आपल्या इथल्या घट्ट बेसाल्टपेक्षाही कणखर. पण बोअरमधून वर येणारा गाभा जागोजागी पातळ चकत्यांमध्ये तुटून यायचा. आडवा ताण एवढा मोठा होता की दगड मोकळा होताक्षणी फुटायचा. हायड्रॉलिक फ्रॅक्चरिंगने, म्हणजे बोअरमध्ये पाण्याच्या दाबाने भेग पाडून, मोजला तर सर्वांत मोठा आडवा ताण ६० मेगापास्कलच्या घरात, उभा मात्र त्याच्या निम्म्याहून कमी. १९८७ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकी काँग्रेसने एकट्या नेवाडा राज्यातल्या युक्का माउंटनवर लक्ष द्यायचं ठरवलं आणि हॅनफर्डचं काम थांबलं. कारणांत राजकारण आणि खर्च होताच, पण त्या चकत्या कोणीच विसरलं नाही.

बुधवार: गाभ्याच्या पेट्या

महापे एमआयडीसीत एका ड्रिलिंगवाल्याच्या शेडमध्ये कोअर बॉक्स रचून ठेवलेले. घणसोलीवरून जाताना बुलेट ट्रेनच्या कामाचा पसारा दिसतो. बीकेसी ते शीळफाटा २१ किलोमीटर बोगदा, त्यातला सात किलोमीटर खाडीखालून. तिथल्या अभियंत्याचा प्रश्न असतो, खोदताना छत उभं राहील का आणि आधार किती लागेल. आपला प्रश्न वेगळा आहे, तरी पेटीतला गाभा तोच.

दीड मीटरचा एक रन, म्हणजे एका खेपेत खोदलेली लांबी, घेऊ. तुकडे समजा ४२, ३१, १९, ८, ९, १२ आणि ६ सेंटिमीटरचे. सगळे मिळून १२७, म्हणजे रिकव्हरी (हाती आलेला गाभा) ८५ टक्के. आरक्यूडी, म्हणजे लांब तुकड्यांच्या टक्केवारीवरून खडकाची प्रत, काढताना १० सेंटिमीटर आणि त्याहून लांब तुकडेच धरायचे: ४२, ३१, १९ आणि १२, बेरीज १०४, म्हणजे ६९ टक्के. वर्ग ‘ठीक’. इतक्यात शेडमधला ड्रिलर म्हणतो, “मॅडम, ८ आणि ९ चा तुकडा एकच आहे. पेटीत बसत नव्हता म्हणून आम्हीच हातोडीने तोडला.” भिंगाने बघितलं तर तोंड ताजं, डाग नाही, दोन्ही तुकडे एकमेकांत चपखल बसतात. मग तो १७ चा एक तुकडा. बेरीज १२१, आरक्यूडी ८१ टक्के, वर्ग ‘चांगला’. हातोडीच्या एका फटक्याने खडकाची जात बदलली. म्हणून गाभा बॅरलमधून, म्हणजे ड्रिलच्या टोकाशी तो धरणाऱ्या नळीतून, निघताच, पेटीत भरण्याआधी फोटो काढायचा आणि हाताने तोडलेल्या जागी खडूने फुली मारायची. तिहेरी नळीचा बॅरल वापरला तर असे तंटे कमी होतात. एकेरी नळीने काढलेल्या गाभ्यावर आरक्यूडी काढूच नये.

आरक्यूडीचा दुसरा दोष असा की त्याला ११ सेंटिमीटरचा तुकडा आणि मीटरभराचा तुकडा सारखेच. अणुकचऱ्याच्या जागेत ९० च्या वरचे आकडे सर्रास येतात आणि मग तो काहीच सांगत नाही. फोर्समार्कला ४०० मीटरच्या खाली पाणी वाहणाऱ्या भेगा सरासरी १०० मीटरहून जास्त अंतरावर आहेत. अशा खडकात मोजायची गोष्ट म्हणजे दोन वाहत्या भेगांमधलं अंतर.

पाण्यासाठी बोअरमध्ये पॅकर (भोकाचा एक भाग बंद करणारा फुगा) लावून ल्युजॉन चाचणी घेतात: १० बार दाबाखाली मीटरमागे मिनिटाला एक लिटर पाणी गेलं की एक ल्युजॉन. दाब तीन पायऱ्या चढवायचा, दोन उतरवायचा. उतरताना पाणी चढतीपेक्षा जास्त जात असेल तर दाबाने भेग धुऊन मोकळी झाली, कमी जात असेल तर ती गाळाने बुजली. धरणवाला एक ल्युजॉनला खूश होतो. इथे त्याच्या हजार पटींनी घट्ट खडक हवा असतो, तिथे ही चाचणी आंधळीच.

गाभ्याचा तुकडा टोकांत दाबून त्याच्या बळाचा झटपट अंदाज देणारं पॉइंट लोडचं यंत्र शेडमध्येच होतं. हाताने चालणारा जॅक, दोन शंकूची टोकं, मध्ये गाभ्याचा तुकडा आडवा. टोकापासून जवळच्या कडेपर्यंत निदान अर्ध्या व्यासाएवढी लांबी हवी. १० ते ६० सेकंदांत फुटेल अशा गतीने दाबायचं. ५४ मिलिमीटरचा गाभा २० किलोन्यूटनला फुटला असं धरू. २०,००० भागिले ५४ चा वर्ग, म्हणजे ६.८६. व्यासाची दुरुस्ती १.०३५, म्हणून निर्देशांक ७.१. त्याला २२ ने गुणलं तर दाबबळ १५६ मेगापास्कल, २४ ने गुणलं तर १७०. गुणक कोणता घ्यायचा यावर १४ मेगापास्कलचा फरक पडतो आणि दोन्ही गुणक पुस्तकी. म्हणून त्याच बोअरमधल्या काही नमुन्यांची खरी दाबचाचणी करून आपल्या खडकाचा गुणक आपणच काढायचा. दहा तुकडे फोडून वरचे दोन, खालचे दोन सोडून सरासरी घेतात. भेग दोन्ही टोकांतून गेली नसेल तर ते वाचन बाद. कुहरी दगडात टोक बुडबुड्यात रुतून बसतं आणि आकडा उगाच पडतो, अशी वाचनंही बाद.

गुरुवार: वागळे इस्टेट, दाबयंत्र

सकाळी मामलेदार मिसळ, मग प्रयोगशाळा. (तिखट घेऊन पुढे दिवसभर स्ट्रेन गेज, म्हणजे दगड किती आकसला-फुगला ते मोजणाऱ्या पट्ट्या, चिकटवायचे नसतात, हात थरथरतात.)

दंडगोल नमुन्याची उंची व्यासाच्या अडीच ते तीन पट. दोन्ही टोकं ०.०२ मिलिमीटरच्या आत सपाट. इथेच बहुतेक लॅब घसरतात. टोक जरा तिरपं राहिलं की एका कडेवर आधी भार येतो, कोपरा उडतो आणि १७० चा दगड १०० ला फुटतो. सल्फर किंवा प्लॅस्टरची टोपी लावून टोक सारखं करायची काँक्रीटवाल्यांची सवय इथे चालत नाही, टोपीचा मऊपणा आकड्यात येतो. भार सेकंदाला अर्धा ते एक मेगापास्कल या गतीने. निदान पाच नमुने, आणि तेवढेच पाण्यात मुरवलेले. खोल जागा कायम ओलीच असते, कोरड्या नमुन्याचा आकडा तिथे सजावटीपुरता.

कुहरी बेसाल्टची अडचण वेगळी. नमुन्याचा व्यास सर्वांत मोठ्या कणाच्या दहापट हवा. एक सेंटिमीटरचे बुडबुडे असतील तर ५४ मिलिमीटरचा गाभा अपुरा, १०० च्या वरचा हवा. तसा गाभा काढायचं ड्रिलिंग सुरू होण्याआधीच ठरवायला लागतं. नंतर ‘मोठा व्यास हवा होता’ म्हणून उपयोग नाही.

खरा मुद्दा मात्र फुटण्याच्या आधी घडतो. नमुन्यावर उभे आणि आडवे स्ट्रेन गेज लावून आलेख काढला तर आडव्या फुगवट्याचा आलेख एका जागी सरळ रेघ सोडून वळायला लागतो. तिथे आत पहिले सूक्ष्म तडे उघडले. कणखर खडकात हे अंतिम बळाच्या ४० ते ५० टक्क्यांना होतं. दगड बाहेरून जसाच्या तसा, यंत्राचा काटा निम्म्यावर आणि आत मोडतोड सुरू. कान दिले तरी ऐकू येत नाही, पण ध्वनिसंवेदक लावला तर टिकटिक वाढलेली दिसते.

प्रत्यक्ष बोगद्यात दगड याच सुमाराला सोलला जातो. कॅनडात मॅनिटोबातल्या भूमिगत प्रयोगशाळेत ४२० मीटरवर साडेतीन मीटर व्यासाचा बोगदा सुरुंगाविना, भोकं पाडून आणि पाचरींनी फोडून खोदला. ग्रॅनाइटचं बळ २०० मेगापास्कलच्या वर, तरी छतातून पापुद्रे सुटत जाऊन व्ही आकाराची खाच पडली. सुरुवात झाली ती साधारण १२० मेगापास्कलच्या ताणाला. स्वीडनच्या एस्पो प्रयोगशाळेत ४५० मीटरवर १.७५ मीटर व्यासाची दोन भोकं एक मीटरचा खांब मध्ये ठेवून कोरली आणि खांब हीटरने तापवला. तिथेही सुमारे १२० ला सोलणं सुरू झालं, दगडाचं बळ २११ असताना. तेव्हापासून कणखर खडकासाठी हिशेबात प्रयोगशाळेच्या आकड्याचा ५५ ते ६० टक्के भागच धरतात. एस्पोत एका भोकात आतून एक मेगापास्कलपेक्षाही कमी दाब दिला होता. त्या भोकाच्या भिंतीला तेवढ्यानेच धरून ठेवलं. डब्याभोवती फुगणारी बेंटोनाइट माती घालण्याचा हा एक जादा फायदा.

शुक्रवार: कागद

ठाण्यातच. ओव्हनमध्ये ड्रमचे तुकडे वाळताहेत, तोवर आकडेमोड.

समजा पारसिकसारखाच घट्ट बेसाल्ट ५०० मीटर खाली आहे. उभा दाब ५०० गुणिले ०.०२८, म्हणजे १४ मेगापास्कल. आडवे ताण मोजल्याशिवाय कळत नाहीत, म्हणून एक १४ आणि दुसरा त्याच्या दुप्पट, २८ धरू. उभ्या गोल भोकाच्या भिंतीवर सर्वांत जास्त ताण येतो तो मोठ्याच्या तिपटीतून लहान वजा: ८४ वजा १४, म्हणजे ७०. दगड १७० चा असेल तर त्याचे ५५ टक्के ९३.५. पास.

आता डबा आत ठेवला. खडक ५० अंशांनी तापला. प्रसरणांक अंशाला दहा लाखांत ७, लवचिकता गुणांक ६० गिगापास्कल, पॉयसन गुणोत्तर ०.२५. प्रसरणाला जागा नाही, म्हणून वाढीव ताण २८ मेगापास्कल. एकूण ९८. नापास, भिंत सोलणार. गंमत अशी की कुहरी बेसाल्टचा लवचिकता गुणांक कमी, त्यामुळे उष्णतेने त्याच्यात वाढणारा ताणही कमी. पण मूळचं बळ एवढं खाली की ७० लाच तो नापास.

मग करायचं काय? डब्यांमधलं अंतर वाढवायचं म्हणजे तापमान कमी चढतं. स्वीडनच्या आराखड्यात बोगदे ४० मीटर आणि डबे ६ मीटर अंतरावर आहेत ते मुख्यतः बेंटोनाइट १०० अंशांच्या आत ठेवायला. बोगदा मोठ्या आडव्या ताणाच्या दिशेने वळवला तर बोगद्याचं छत वाचतं, उभ्या भोकाला मात्र दिशेचा उपयोग नाही. वर चढून ४०० मीटरवर यायचं, तर भेगा वाढतात. सगळ्या उपायांची किंमत जागेत मोजावी लागते, आणि बेसाल्टचा एक थर पाहिजे तेवढा जाड आणि सलग मिळत नाही. वर-खाली तांबडे पट्टे असतातच.

आपल्या देशात हा तापवण्याचा प्रयोग कोलारच्या सोन्याच्या खाणीत झाला आहे. १९८० च्या दशकात बीएआरसीच्या शास्त्रज्ञांनी सुमारे १,००० मीटर खोलीवर अँफिबोलाइट नावाच्या खडकात हीटर बसवून आठ वर्षं तापमान आणि ताण मोजले. कागदावरचा प्रसरणांक आणि खडकातला प्रसरणांक यांत भेगांमुळे तफावत पडते. भेगा आधी मिटतात आणि मगच ताण चढतो. म्हणून वरचे २८ मेगापास्कल ही वरची मर्यादा समजावी.

आणि ताकद हाच निकष असता तर फ्रान्सने बूरची माती-खडकाची जागा घेतलीच नसती. तिथे सुमारे ४९० मीटरवर जेमतेम २० मेगापास्कलचा क्लेस्टोन आहे, बोगद्याला अस्तर आणि कमानी लागतात. निवड झाली कारण त्यातून पाणी जवळपास हलत नाही. न्यू मेक्सिकोत १९९९ पासून ६५५ मीटरवर चालू असलेलं कोठार तर मिठात आहे, जे हळूहळू सरकून पोकळी स्वतःच मिटवतं.

शनिवार: अकलोली

अशा जागांची छाननी करताना जे पहिल्या दिवशी बघायला हवं ते आम्ही मुद्दाम शेवटी ठेवलं. ठाण्याहून भिवंडी, अंबाडीमार्गे वज्रेश्वरी, पुढे अकलोली. तानसा नदीकाठची गरम पाण्याची कुंडं. शनिवारी गर्दी असते, सकाळी सातच्या आत पोचावं.

कुंडांचं पाणी ५० अंशांच्या आसपास. वरच्या जमिनीचं सरासरी तापमान २७ धरू, फरक २३. खोलीबरोबर किलोमीटरला ३० अंश वाढतात असं मानलं तर हे पाणी पाऊण किलोमीटरवरून तरी आलंय. वर येताना ते निवतं आणि थंड पाण्यात मिसळतं, म्हणजे खरी खोली याहून जास्त. थोडक्यात, या पट्ट्यात ७०० मीटरच्या खालून थेट नदीकाठापर्यंत पाण्याला वाट आहे आणि ती वाहती आहे. कोठाराच्या खोलीवरून माणसाच्या अंघोळीच्या कुंडापर्यंतचा रस्ता निसर्गाने आखून दिलाय. दगडाचं बळ १७० असो की ३००, इथे फाइल बंद. जागेच्या छाननीत गरम झरे, मोठे भ्रंश, खनिजांचे साठे आणि दाट वस्ती हे रकाने आधी भरतात. जी जागा उरते तिथेच हातोडा आणि दाबयंत्र नेतात. उलट क्रमाने गेलं तर लाखो रुपयांची बोअर मारून झाल्यावर तळ्याकाठची आजीबाई सांगते की इथलं पाणी बारा महिने गरम असतं.

तरी नमुना घ्यायचा तो नीट घ्यावा, बाकीच्या कोकणातल्या झऱ्यांशी तुलना करायला. कुंडाच्या मध्यावरचं नाही, जिथे बुडबुडे फुटतात त्या तोंडापाशीचं पाणी. तापमान, सामू आणि विद्युत वाहकता जागेवरच मोजायची, कारण बाटलीत निवताना कार्बन डायऑक्साइड उडून सामू चढतो. दोन बाटल्या: एक गाळून, शुद्ध नायट्रिक आम्लाचे थेंब घालून धातूंसाठी, दुसरी आम्लाशिवाय क्लोराइड आणि सल्फेटसाठी. दोन्ही काठोकाठ भरून, पाण्याखालीच झाकण लावून, आत हवेचा बुडबुडा न ठेवता. लेबल झाकणावर नाही, बाटलीवर. लॅबमध्ये झाकणं अदलाबदल होतात.